तीन नंबर येतो

आमचे साहेब कुणाचाही निरोप घेताना 'जातो' म्हणायचे. सरळ, तोंडावर, 'जातो'. लग्नाच्या मांडवात म्हणायचे, बाळंतिणीच्या खोलीच्या दारात म्हणायचे, आणि एकदा तर दवाखान्यात खाटेवर पडलेल्या आमच्या हेडक्लार्कच्या उशाशी उभं राहून म्हणाले. हेडक्लार्कची म्हातारी आई कोपऱ्यात बसली होती. तिनं कानांवर हात ठेवले. "अगं बया! येतो म्हनावं की ओ साहेब. तुमाला घरच्यांनी शिकवलं न्हाई का?"

साहेब तिच्यापुढं वाकून म्हणाले, "शिकवलं होतं, आजी. तीच तर पंचाईत झाली." आणि चालू लागले.

आपल्याकडं जाणारा माणूस 'जातो' म्हणत नाही. जो परत यायचा नाही तो जातो. बाकी सगळे येतात. उंबरा ओलांडून पाठ फिरवलेला माणूससुद्धा 'येतो' असंच म्हणतो. हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही चमत्कारिक आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही. साहेबांच्याही आलं नव्हतं. एकदा त्यांनी या शब्दावर विसंबून निरोप दिला, आणि एका गवंड्याचं घर गेलं, उजवा हात गेला. ते कसं गेलं हे त्या गवंड्याला स्वतःच्या तोंडानं सांगायचं, एवढंच एक काम साहेबांना पुढं आयुष्यभर होतं. आणि तेच जमत नव्हतं.

आमचं खातं बिनतारी यंत्रांचं. कुठलं खातं ते सांगत नाही. माझी पेन्शन चालू आहे आणि ती चालू राहावी अशी इच्छा आहे. परभणीला एक मोठी खोली, तिच्या गच्चीवर उंच खांब, आणि जिल्हाभर फिरणाऱ्या मोजक्या जीपगाड्या. प्रत्येक जीपमध्ये एक जड सेट, त्याला वेटोळ्या वायरीचा माईक. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. सगळ्या गाड्यांना मिळून हवेतली वाट एकच. एकानं बटण दाबलं की बाकीच्यांनी गप्प बसायचं. दोघांनी एकदम दाबलं तर दोघांचंही वाटोळं, नुसती शिट्टी ऐकू यायची. आणि माणसाचा स्वभाव असा की जो तो आधी बटण दाबणार, मग काय बोलायचं त्याचा विचार करणार.

साहेब यावर सतत करवादायचे. "विहीर एक, पोहरा एक. तुम्ही पोहरा हातात धरून गावगप्पा मारत बसलात तर मागचे तहानेनं मरतील. आधी कान द्या. विहिरीवर कुणी नाही असं बघा. मग पाणी ओढा आणि बाजूला व्हा."

नवीन ऑपरेटर आला की पहिले काही दिवस त्याला सेटला हात लावू द्यायचे नाहीत. सेलूच्या बैलबाजारात घेऊन जायचे. मलाही नेलं होतं. तिथं दलाल एकमेकांचे हात रुमालाखाली धरतात आणि बोटं दाबून भाव करतात. शेजारी दावं धरून उभ्या राहिलेल्या बैलाच्या धन्यालाही पत्ता लागत नाही. साहेब टाळक्यावर ऊन घेत ते बघत उभे राहिले. मला वाटलं यांना बैल घ्यायचाय. दुपार टळल्यावर त्यांनी विचारलं, "काय ऐकलं?"

"काहीच नाही, साहेब."

"आणि सौदे किती झाले?" एवढं बोलून ते रसवंतीत शिरले. झालं माझं प्रशिक्षण. बाकीच्या जिल्ह्यांतली पोरं त्यासाठी महिना महिना पुण्याला जाऊन राहायची.

जिंतूर रस्त्यावर एक चहाची टपरी होती. तिथं बसून ते एकमेकींना ओलांडणाऱ्या एस.टी. गाड्या बघायचे. समोरून येणारा ड्रायव्हर पंजा खालीवर हलवायचा, म्हणजे पुढं पुलावर पाणी आहे. अंगठा पाठीमागं दाखवला की फाट्यावर तपासणीवाले उभे आहेत. गाड्या सणकन निघून जायच्या, ब्रेक कुणी मारायचं नाही, आणि तेवढ्यात देणंघेणं उरकलेलं असायचं. साहेब हळहळायचे, "आपल्याकडं सरकारनं दिलेला सेट आहे आणि आपण काय बोलतो? हॅलो हॅलो, रामराम, जेवलाव का!"

पोखर्णीच्या पुढं गेलं की आमचे सेट मुके व्हायचे. त्यावर साहेबांची युक्ती अशी की तिकडून येणाऱ्या गाडीनं तिकडची खबर पोटात ठेवायची आणि टप्प्यात आली की बोलून टाकायची. वाटेत आपली दुसरी गाडी भेटली तर थांबायचं, पण लगेच सांगत सुटायचं नाही. आधी विचारायचं, 'तुला काय ठाऊक आहे?' आणि त्याला ठाऊक नसेल तेवढंच द्यायचं. हे त्यांच्या इतकं हाडीमाशी खिळलं होतं की सासुरवाडीच्या एका लग्नात पंगतीत शेजारच्या पाव्हण्यानं जमिनीच्या भांडणाची हकीकत पणजोबापासून सुरू केली, तर साहेब जिलबी खाली ठेवून म्हणाले, "मला ठाऊक नसलेल्यापासून सुरू करा." पाव्हणा रुसला तो रुसलाच.

खबरीबरोबर ती कधीची ते सांगायलाच पाहिजे, असाही दंडक होता. शिळ्या खबरीचा त्यांना विटाळ. माझ्या गाडीवरचे ड्रायव्हर मियाँ गंगाखेडकडचे, पिकल्या दाढीचे, निजामाच्या अमलात लॉरी चालवायला शिकलेले. ते एकदा धावत आले, "साब, नाला भर के जारा!" साहेबांनी विचारलं, "कवाची खबर?" मियाँ म्हणाले, "परसों की." आता मियाँचं 'परसों' म्हणजे कालपासून निजामापर्यंत कधीचंही असू शकत होतं. साहेबांनी ती खबर पुढं जाऊ दिली नाही, आणि नाला खरोखरच कोरडा निघाला. त्या दिवशी ते कमालीचे खूश होते.

घरीही हाच कारभार. काकू, म्हणजे साहेबांच्या मंडळी, सांगायच्या, "लग्न झाल्यावर पहिले काही महिने मला वाटलं, आपल्याला मुका नवरा करून दिलाय आणि वडलांनी लपवून ठेवलंय." चहा पाहिजे असला की कप सुलटा ठेवायचा, नको असला की उपडा. काकू तोंडानं विचारायच्या, ते कपाकडं बोट दाखवायचे. काकूंचा स्वभाव बोलघेवडा. बिचारीनं बोलण्याची हौस गल्लीत भागवली. भाजीला निघालेली ती बाई दिवेलागणीला घरी यायची.

आता त्या शब्दाकडं येतो.

साहेबांना शब्दांची छाटणी करायचा नाद होता. सेटवर कुठले शब्द वापरायचे ते ठरलेलं होतं, आणि दर काही महिन्यांनी ते त्यातला एखादा शब्द काढून टाकायचे. आधी 'समजलं' काढला. समजलं असेल तर गप्प बसा. समजलं नाही तरच बोला. हे आम्हाला आवडलं, कारण त्यात काही करायचं नव्हतं. मग एका सकाळी सगळ्यांना बोलावून म्हणाले, "'निघालो' आणि 'येतो' असे दोन शब्द कशाला पाहिजेत? जो निघतो तो कुठंतरी येतोच. 'निघालो' बंद."

आम्ही माना हलवल्या. पटलंच होतं. कुणाला खटकेल तरी कसं? आम्ही सगळेच घरातून निघताना रोज 'येतो' म्हणत होतो. पुण्या-मुंबईकडून आलेला, पुस्तकी मराठी बोलणारा एखादा असता तर त्यानं कदाचित विचारलं असतं. कदाचित त्यानंही नसतं.

पुढं विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. ते दिवस मी वर्णन करून सांगत नाही. मी बौद्ध. माझं गाव मानवतच्या अंगाला, आई तिथंच होती. तिनं एका ओळखीच्या कंडक्टरबरोबर निरोप धाडला, "सरकारी ड्रेस आंगातून काढू नको. झोपतानी बी नको." मी काढला नाही. ड्रेस घालून, जीपमध्ये बसून, मी माझ्याच माणसांच्या वस्त्यांची खबर घेत फिरत होतो आणि साहेबांच्या शिस्तीत एकेका शब्दात ती वर कळवत होतो. 'शांत.' 'जमाव.' 'धूर.' शब्द जितका लहान तितका बोलायला बरा वाटायचा, एवढं मात्र खरं.

वालूरच्या पलीकडं एक गाव आहे. नाव घेत नाही. तिथल्या बौद्धवाड्यावर नजर असल्याची कुणकुण होती, म्हणून तिथं कायम एक गाडी उभी ठेवायची असं ठरलं होतं. माणसं थोडी, गाड्या थोड्या, तरीही साहेब खोलीत बसून राहिले नाहीत. तीन नंबरची जीप घेऊन स्वतः त्या गावात जाऊन उभे राहिले. मियाँ आणि मी पाच नंबरच्या जीपमध्ये अलीकडच्या फाट्यावर. तीन हलली की पाचनं गावात शिरायचं, ठरलेलं होतं.

त्या वाड्यात विटांचं घर एकच होतं, ते या गवंड्याचं. आयुष्यभर दुसऱ्यांची घरं बांधून उरल्या वेळात त्यानं ते स्वतःसाठी बांधलं होतं. गावातल्या काहींच्या डोळ्यांत ते तेव्हापासूनच सलत होतं, ठराव हे निमित्त. बाकीच्या बायामाणसांनी गाठोडी बांधली होती. संध्याकाळच्या आत ओढ्याकाठानं निघून पाव्हण्यांकडं जायचा त्यांचा बेत होता. गवंडी मात्र बायकोला पुढं धाडून ओट्यावर बसला होता. घर सोडवत नव्हतं, आणि समोर सरकारी गाडी उभी होती.

दुपारी सेलूकडच्या एका गावातून सायकलवर माणूस हाक घेऊन आला, तिकडं जवळ दुसरी गाडी नव्हती. साहेबांनी जीप चालू करायला सांगितली. ओट्यावरून गवंड्यानं विचारलं, "चाललाव का, साहेब?"

"येतो," साहेब म्हणाले.

आणि जीपमध्ये बसून बटण दाबून आम्हाला म्हणाले, "तीन येतो."

मी ऐकलं. मियाँनीही ऐकलं. मी म्हणालो, साहेब इकडं फाट्यावर यायलेत, त्यांना काही सांगायचं असेल, ते भेटेपर्यंत थांबू. मियाँ म्हणाले, "साब आ रे बोले ना? बैठो चुप." समजलं होतं, म्हणून आम्ही नियमानं गप्प बसलो. आम्ही गप्प, म्हणजे आम्हाला समजलं आणि पाच नंबर गावाकडं वळली, असं साहेबांना वाटलं. ते फाट्याकडं आलेच नाहीत. वालूरच्या अंगानं गाडीवाटेनं सेलूकडं गेले. आम्ही फाट्यावर त्यांची वाट बघत राहिलो. गवंडी ओट्यावर त्यांची वाट बघत राहिला. निघालेल्या बायकांनी त्याला हाका मारल्या तर त्यांना म्हणाला, "जावा तुमी. साहेब येतो म्हनलेत."

धूर आम्ही फाट्यावरून बघितला. मियाँनी जीप अशी हाकली की माझं डोकं टपावर आदळत होतं. आम्ही पोचलो तेव्हा करणारे पांगले होते. गवंडी ओट्याखाली पडला होता, आणि उजवा हात कोपरापासून भलतीकडंच वळला होता. घर आतून जळत होतं. विटांच्या भिंती मात्र उभ्या होत्या.

तो वाचला. हात तसाच वाकडा राहिला. बोटांत थापी-करणी धरायची ताकद परत आली नाही. चौकशी झाली तेव्हा कागदावर लिहिलं गेलं की 'संपर्क होऊ शकला नाही'. साहेब वरच्यांना जाऊन सांगून आले की संपर्क झाला होता, चांगला स्वच्छ झाला होता, शब्द चुकला. वरचे म्हणाले, असू द्या, आता शब्दांचा कीस कशाला काढता. मियाँनी आणि मी म्हटलं, साहेब, ऐकणाऱ्यांचीही चूक असतेच की. त्यांनी आम्हाला त्यात भागीदारी दिली नाही. "विहिरीचे नियम माझे होते," म्हणाले. मी आग्रह केला नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं.

त्यानंतरचे साहेब म्हणजे दुसराच माणूस. 'येतो' हा शब्द त्यांनी सेटवरून काढला, घरातून काढला, तोंडातून काढला. काकू रडल्या, अबोला धरला, कुणाच्या तरी सांगण्यावरून शनिवार केले. हे रोज सकाळी उंबऱ्यावर उभे राहून 'जातो'. शेवटी काकूच त्यांच्या मागून मोठ्यानं ओरडायला लागल्या, "येतो म्हणतायत हो!" म्हणजे देवाचा गैरसमज नको.

आणि सेटवर ते बोलायला लागले. काय बोलायचे! "मी तीन नंबरच्या गाडीतून बोलतोय. मी या गावातून बाहेर पडलोय. या गावात आता आपली गाडी नाही. परत सांगतो, नाही. मी सेलूकडं चाललोय, फाट्याकडं नाही. पाच नंबर, तू काय करणार आहेस ते मला तुझ्या तोंडानं सांग." मी सांगायचो. "आता मी काय म्हणालो ते सांग." तेही सांगायचो. तोवर बाकीच्या गाड्या बटणावर बोट ठेवून ताटकळायच्या. ज्या माणसानं आम्हाला एकेका शब्दासाठी झापलं त्यानं विहिरीवर बसून आंघोळच मांडली होती. नवीन आलेल्या अधिकाऱ्यांनी त्यांना 'आकाशवाणी' असं नाव ठेवलं. कागद आले, समज दिली गेली. साहेब कागद घडी करून खिशात ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी तसंच बोलायचे. मला तेव्हा त्यांचा कंटाळा येत असे. आज कळतं, की एकही गाव त्यांनी पुन्हा रिकामं सोडलं नाही. पण तेव्हा कंटाळा यायचा तो यायचाच.

दर रविवारी ते त्या गवंड्याकडं जायचे. एस.टी.नं. आणि मला बरोबर घ्यायचे. मी का, हे त्यांनी कधी सांगितलं नाही, पण मला माहीत होतं. मी त्या वाड्यातल्या माणसांसारखाच बौद्ध, म्हणजे बरोबर असलो की दार उघडायला सोपं. दुभाष्यासारखं. मला त्याचा राग यायचा. आठवडाभर गाडीत हाडं खिळखिळी झाल्यावर माणसाला रविवारी लोळावंसं वाटतं. पण ते सकाळी दारात उभे राहायचे, धुतलेला सदरा घालून, आणि माझ्या आईला म्हणायचे, "याला नेतो." आई तेव्हा परभणीत माझ्याकडं राहायला आली होती, तिला याची इतकी सवय झाली होती की ती आधीच माझा सदरा काढून ठेवायची.

गवंड्यानं त्याच भिंतींवर नवीन पत्रे टाकून घेतले होते. ओटा डाव्या हातानं स्वतः लिंपला होता, त्याला जागोजाग उंचवटे होते आणि बसलं की टोचायचे. मी म्हणायचो, "जयभीम, बाबा." साहेब म्हणायचे, "नमस्कार, बाबा." चहा व्हायचा. बाबा डाव्या हातानं कप पुढं करायचे. पाऊसपाणी, कुणाचं पोर पास झालं, कुणाची म्हैस व्याली. साहेब मोठ्यानं पेपर वाचून दाखवायचे. नामांतराचं काय झालं, कुठं मोर्चा निघाला, कुणाला अटक झाली. आणि दर वेळी, उठायच्या आधी, साहेब घसा साफ करायचे. मी मान खाली घालायचो. मला वाटायचं, आज सांगणार. मग ते म्हणायचे, "बराय, जातो." आणि आम्ही फाट्यापर्यंत चालत यायचो.

एकदा मीच म्हणालो, "साहेब, मी सांगून टाकू का?"

"तू नाही सांगायचं. ज्यानं विहिरीत टाकलं त्यानंच काढायचं."

अशी वर्षं गेली. मियाँ गेले. साहेब निवृत्त झाले. माझे केस पिकायला लागले, मी दुसऱ्या पोरांना सेट शिकवायला लागलो, आणि त्यांना बैलबाजारात न्यायचा आळस केला. मग एका जानेवारीत विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला. पूर्ण नामांतर नाही, नामविस्तार. आमच्या गल्लीत गुलाल उधळला. मीही नाचलो थोडा. इतकी घरं, इतकी माणसं, आणि इतक्या उशिरा. आनंद व्हायलाही अंगात काहीतरी शिल्लक असावं लागतं.

त्या रविवारी आम्ही गेलो. बाबांच्या दारावर नवीन निळा झेंडा होता. चहा झाला. साहेबांनी पेपर आणला होता, पण उघडला नाही. घसा साफ केला, आणि या खेपेला बोलले. सगळं सांगितलं, काही आडपडदा न ठेवता. 'निघालो' का काढला ते सांगितलं. 'समजलं' का काढला ते सांगितलं. "ओट्यावर तुम्हाला येतो म्हणालो, ते आपण म्हणतो तसं. यांनाही येतो म्हणालो. हे फाट्यावर माझी वाट बघत बसले. गावात गाडी राहिली नाही ती माझ्या शब्दामुळं. तुमचा हात माझ्यामुळं गेला, बाबा."

बाबा ऐकत होते. वाकडा हात डाव्या हातानं मांडीवर धरून बसायची त्यांची सवय. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"त्या गाडीत तू व्हतास?"

"होय, बाबा."

"आन अजून कोन?"

"आमचे ड्रायव्हर. मियाँ. वारले आता."

बाबा हसले. बोळकं दिसलं. "मंजे एक म्हातारा मुसलमान, आन एक आमचंच पोरगं! साहेब, ही गाडी आली असती तर ह्या दोघांला बी बडवलं असतं. मंग तुमी रविवारी किती घरं फिरला असताव?"

मला हसू आलं. साहेबांना आलं नाही.

"बाबा, गाडी बघून ते कदाचित आले नसते," ते म्हणाले.

"आले नसते. दुसऱ्या दिशी आले असते." बाबांचा आवाज चढला नव्हता. "साहेब, शब्दानं घर जळत न्हाई. राकेल लागतं. राकेल कुनी आनलं ते मला ठावं हाय. काडी कुनी वडली ते बी ठावं हाय. त्यो बगा, समोरच्या आळीला, पांढरा दरवाजा. त्येच्या घराचा पाया मी खांदलेला हाय. रोज दिसतो. रोज मला रामराम घालतो. इतक्या सालात ह्या वट्ट्यावर येऊन बसला न्हाई, आन माजं चुकलं म्हनला न्हाई. एकजन बी न्हाई म्हनला. म्हनलं कोन? तुमी."

"माझं चुकलंच होतं, बाबा."

"चुकलं आसंल. कुनाचं चुकत न्हाई? पर तुमी चुकलाव, त्येंनी जाळलं." त्यांनी कप उचलला, रिकामा होता, परत ठेवला. "आता खरं सांगू का? तुमी दर रविवारी येताव, त्यो दारातून बगत आसतो. परभनीचा साहेब, ह्या वाड्यात, मान खाली घालून बसलाय. त्येला बरं वाटतं. त्येला वाटतं, भोगायला कुनीतरी हाय, आपल्याला कशाला पायजे. मला ते आता बगवत न्हाई. तुमचा राग न्हाई, साहेब. पर आता येऊ नका."

आत बाबांची म्हातारी भांडी घासत होती, ती थांबली. मला आधी बाबांचा राग आला, की या माणसानं इतकी वर्षं काढली आणि तुम्ही त्याला दार दाखवता. मग साहेबांचा आला, की दर रविवारी मान खाली घालून काय मिळवलं. समोरच्या पांढऱ्या दरवाजाचा राग यायला पाहिजे होता. त्या रागाला इतकी वर्षं झाली होती की तो आता अंगात नेमका कुठं ठेवलाय ते सापडत नव्हतं.

साहेब उठले. 'जातो' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. बाबांनी डावा हात पुढं केला, साहेबांनी तो दोन्ही हातांत धरला, बराच वेळ. मग आम्ही वाड्यातून बाहेर पडलो. पांढऱ्या दरवाजात एक माणूस दात कोरत उभा होता. त्यानं साहेबांना नेहमीसारखा नमस्कार केला, आणि साहेबांनी सवयीनं नमस्कार परत केला.

फाट्यावर एस.टी.ला वेळ होता. साहेब मैलाच्या दगडावर बसले. पेपर अजून काखेत होता. त्यांनी वर बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला साहेबासारखं न विचारता म्हाताऱ्या माणसासारखं विचारलं, "मग रविवारी मी काय करू रे?"